रेघेवरून थराचा ठाव

जर्मनीच्या खाणींत थराची दिशा होकायंत्राने पाहण्याची रीत जुनी आहे. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आग्रिकोलाच्या ग्रंथात तिचे वर्णन सापडते. परंतु खाणीत थर डोळ्यांपुढे उभा असतो. उघड्या रानात मात्र त्याची केवळ एक वाकडी कडा माती-गवतातून डोके काढते, आणि तेवढ्या रेघेवरून जमिनीखालच्या अख्ख्या पातळीचा कल ताडावयाचा, हे काम निराळेच होते. त्यासाठी उंचीची काटेकोर मोजणी हवी होती, आणि ती भूशास्त्राला मिळाली कालव्यांच्या मोजणीदारांकडून.

ऑक्सफर्डशायरातील चर्चिल गावच्या लोहाराचा मुलगा विल्यम स्मिथ सॉमरसेटच्या कोळशाच्या मुलखात कालव्याची आखणी करू लागला, तेव्हा पाणी समपातळीवर राखण्याच्या गरजेपोटी त्याला पावलोपावली उंची घ्यावी लागे. आणि दोन समांतर खोऱ्यांतून जाणाऱ्या कालव्याच्या दोन्ही फाट्यांवर तेच थर, त्याच क्रमाने, पूर्वेकडे उतरत गेलेले त्याला आढळले. १८१५ साली त्याने इंग्लंड-वेल्सचा जो भव्य रंगीत नकाशा काढला, त्याचे बीज या निरीक्षणात आहे. चारच वर्षांनी हा पुरुष कर्जापायी तुरुंगात पडला, आणि सुवर्णपदकाचा मान त्याच्या वाट्यास आला तो १८३१ साली. हा विलंब आजही मनाला लागतो.

रीत मुळात साधी आहे. एकाच थराची कडा तीन ठिकाणी ६४०, ६०० व ५६० मीटर उंचीवर दिसली असे समजा. थर सपाट असेल, तर पहिल्या व तिसऱ्या स्थळांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर त्याची उंची ६०० मीटर असणार. तो मध्यबिंदू दुसऱ्या स्थळाशी जोडला की थराची समपातळीतील दिशा, म्हणजे नतिलंब, हाती येतो. सर्वांत खालच्या स्थळापासून या रेषेवर टाकलेला लंब ४०० मीटर भरला, तर तेवढ्या अंतरात थर ४० मीटर उतरतो, म्हणजे त्याची नती सुमारे ६ अंश.

न्यूकॅसलचा मोजणीदार टॉमस सॉपविथ हा सुतारकामाच्या घराण्यातला. म्हणूनच की काय, त्याने १८४१ साली निरनिराळ्या रंगांची लाकडे थरांसारखी जोडून बारा नमुने घडवले आणि त्यांत दऱ्या कोरून दाखवल्या. आडव्या थराची कडा समोच्च रेषेला धरून वळते, उभ्या थराची सरळ जाते, आणि दरीच्या उगमाकडे कललेल्या थराचे टोक उगमाकडेच वळते, हे त्या लाकडावर विद्यार्थ्याला बोटाने चाचपता येई. इतके प्रांजळ शिक्षणसाधन या शास्त्रात क्वचितच झाले असेल.

आपल्याकडे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर बेसाल्टाचे थर जवळजवळ आडवे असल्याने त्यांच्या कडा डोंगराला पायऱ्यांसारख्या वेढून जातात. पनवेलपासून मुंबईपर्यंतचे थर मात्र पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, कललेले आहेत.