जकातीच्या तीन कसोट्या

जकात म्हटली की सामान्य माणसाला सरकारी तिजोरी आठवते. परंतु परदेशी मालावरील जकातीची कामे दोन असतात. पहिले तिजोरी भरण्याचे. दुसरे, परका माल महाग करून स्वदेशी कारखान्याला उभे राहण्यास अवसर देण्याचे. या दोहोंत विरोध आहे. माल येत राहिला तर तिजोरी भरते. तो येईनासा झाला तर कारखाना वाढतो.

इंग्रजी अमदानीत पहिलेच काम मान्य होते. दुसरे होऊ नये म्हणून दक्षता घेतली जाई. १८९६ साली परदेशी कापडावरील जकात साडेतीन टक्के ठरली, तेव्हा येथील गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर लादण्यात आला. लँकेशायरपुढे मुंबईच्या गिरणीला तसूभरही लाभ मिळू नये, हा हेतू उघड होता. तो कर जाण्यास १९२६ साल उजाडावे लागले. खुल्या व्यापाराचे इंग्रजी अर्थशास्त्र या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात १८९२ सालीच सांगितले होते.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे दुरापास्त झाले आणि सरकारचेही डोळे उघडले. १९२१ साली सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली फिस्कल कमिशन नेमले गेले, आणि १६ फेब्रुवारी १९२३ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळाने दिल्लीत संरक्षणाचे तत्त्व स्वीकारले. मात्र हे संरक्षण सरसकट नव्हते. धंद्याला तीन कसोट्यांस उतरावे लागे. कच्चा माल, मजूर, शक्ती व बाजारपेठ ही त्याला देशातच विपुल मिळावीत. संरक्षणावाचून त्याची वाढ होणे अशक्य किंवा फार मंद असावे. आणि पुढे एके दिवशी त्याने संरक्षणाचा आधार सोडून जगाच्या स्पर्धेत उभे राहावे. या अटी फार जाचक आहेत, असे मतभेदाचे टिपण स्वतः अध्यक्षांनी व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी जोडले होते.

त्याच वर्षी पारख करण्यासाठी टॅरिफ बोर्ड स्थापन झाले. त्याच्या तीन सभासदांत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे हे एक होते. बोर्डापुढे पहिले मोठे प्रकरण आले ते टाटांच्या पोलादाचे. पोलाद तिन्ही कसोट्यांस उतरले. १९२४ च्या कायद्याने परदेशी पोलादावरील जकात वाढली आणि देशी रुळांना सरकारी अर्थसाहाय्य मिळाले. १९२७ साली हे संरक्षण पुढे चालू ठेवताना मात्र ब्रिटिश पोलादाला कमी जकातीची सवलत दिली गेली. घरे आणि पूल बांधणाऱ्यांना काही काळ पोलाद महाग पडले. परंतु १९४७ साली ते संरक्षण काढून घेता आले आणि कारखाना टिकला.

काचेचे दैव निराळे ठरले. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून पैसा पैसा गोळा केला होता. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. काचधंद्याला संरक्षण द्यावे, अशी शिफारस बोर्डानेही १९३२ साली केली. सरकारने ती १९३५ मध्ये फेटाळली. कारण एवढेच की, काचेला लागणारा सोडा अॅश परदेशातून येत होता. ही कसोटी लँकेशायरला लावली असती तर काय झाले असते? तेथे कापसाचे एक बोंडही पिकत नव्हते!

म्हणजे दोष कसोट्यांत होता त्याहून अधिक त्या लावणाऱ्या हातांत होता. स्वातंत्र्यानंतर १९४९-५० च्या फिस्कल कमिशनने त्या सैल केल्या आणि १९५२ साली कायम स्वरूपाचे टॅरिफ कमिशन आले. परंतु आयात परवान्यांचे राज्य वाढले तसे जकातीचे महत्त्व घटले, आणि १९७६ साली ते कमिशनही गेले. जकातीचा दर सर्वांना दिसतो. परवाना कोणाला व का मिळाला, हे दिसत नाही. १९९१ पर्यंत काही वस्तूंवरील जकात तीनशे टक्क्यांच्या वर गेली होती, आणि तिसऱ्या कसोटीची आठवण क्वचितच कोणाला राहिली होती.

संरक्षक जकात ही ग्राहकाने उद्योगाला दिलेली उसनवारी आहे. ती देण्यात शहाणपण असू शकते; परंतु परतफेडीची मुदत देतानाच ठरवावी लागते, आणि ती उलटली की मागण्याचे धैर्यही असावे लागते.