जत्रेचा हगामा : वर्गणी, इनाम आणि जोड

अहिल्यानगर जिल्ह्यात गावजत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर भरणाऱ्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. आदल्या रात्री देवाचा छबिना निघतो, शोभेची दारू उडते, तमाशाचा फड रंगतो. सकाळी तमाशाच्या हजेऱ्या होतात आणि ऊन कलायला लागले की गाव नांगरून भुसभुशीत केलेल्या वावराकडे सरकते. हगाम्याला तिकीट नसते, प्रवेश फी नसते, आधी नाव नोंदवावे लागत नाही. गावचा असो की परगावचा, लांग चढवून माणसांच्या कड्यात उतरेल तो पैलवान. तरीही खर्च होतो, इनामे वाटली जातात आणि निकालही लागतात. त्यामुळे पैसा कोणाचा आणि जोड कोणी ठरवली, हे दोन प्रश्न हगाम्याच्या इतिहासात पहिल्यापासून चालत आले आहेत.

झुंजीला नियम लावण्याची खटपट या भागात निजामशाहीइतकी जुनी आहे. अहमद निजामशहाने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये सीना नदीकाठी नवे शहर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवायला घेतले. त्याला तलवारीच्या द्वंद्वांची विलक्षण हौस होती, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. फरिश्त्याचे स्वतःचे तरुणपण पुढे निजामशाहीच्याच दरबारात गेले होते. दोघांत तंटा झाला की सुलतान त्यांना आपल्यासमोर लढायला लावी आणि ज्याचा वार आधी लागेल तो श्रेष्ठ ठरे. कौशल्य दाखवायला आलेल्या तरुणांची दरबारात गर्दी होऊ लागली आणि रोज दोघे-तिघे मरू लागले. मग सुलतानाने हा प्रकार समोरून हलवून किल्ल्याबाहेरच्या काळ्या चबुतऱ्यावर नेला आणि दोन दंडक घातले. लढणाऱ्यांच्या साथीदारांनी मध्ये पडायचे नाही आणि कोणी मेला तर सूड घ्यायचा नाही. खेळ जीवघेणाच राहिला. पण कडे मोकळे ठेवणे आणि निकाल मान्य करणे हे दोन्ही दंडक पुढे मातीतल्या कुस्तीलाही लागू पडले.

गावच्या कुस्तीचा खर्च मराठेशाहीत गावखर्चात बसे. सरकारी वसुलीबरोबर गाव स्वतःसाठी एक पट्टी गोळा करी आणि तिच्यातून देवळाची दिवाबत्ती, उत्सव, पाहुण्यांचा शिधा आणि खेळ-तमाशे भागत. इंग्रजी अंमलात या खर्चावर कात्री चालली आणि जत्रेचा भार हळूहळू सरकारी दप्तराबाहेरच्या वर्गणीवर आला. हिशेबातली एक बाजू मात्र कधीच कागदावर चढत नसे. हलगी वाजवणारे मांग, गावोगाव सांगावा पोहोचवणारे महार, वावर तयार करणारे आणि पाणी मारणारे हात, या सगळ्यांचे काम बलुत्यात धरलेले असे. गावाला हगामा स्वस्तात पडे तो त्यांच्या श्रमांमुळे. बलुत्याची घडी विस्कटली आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, तेव्हा वाजंत्र्यांची बिदागी रोखीने द्यावी लागली. जत्रा महाग झाली अशी कुरकुर तेव्हा ज्यांनी केली, त्यांनी आधीचा हिशेब कधी पुरा मांडलाच नव्हता.

खर्च वाटून घेण्याची दुसरी रीत मानाची होती, आणि तिचे चांगले उदाहरण शिर्डीत सापडते. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये रामनवमीला तेथे उरूस सुरू झाला. त्यासाठी सरकारी परवानगी मिळवावी लागली, पाण्याची टंचाई असल्याने मोटांनी पाणी आणावे लागले, तात्पुरती दुकाने उभारावी लागली आणि कुस्त्याही ठरवल्या गेल्या. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त ही तयारी नोंदली आहे. एक निशाण नगरच्या दामूअण्णा कासारांनी द्यायचे, दुसरे नानासाहेब निमोणकरांनी, संदलाची मिरवणूक अमीर शक्कर दलालाने काढायची, असा ज्याचा मान त्याचा खर्च होता. त्याच ग्रंथात साईबाबांची मोहिद्दीन तांबोळीशी झालेली कुस्ती आणि तिच्यात बाबांचा झालेला पराभवही आहे. कुस्ती त्या मुलखात किती अंगवळणी पडली होती, हे यावरून दिसते.

बाकीच्या गावांत मानापेक्षा वर्गणी मोठी. जत्रा बहुतेक चैत्र-वैशाखात येतात, कारण जिल्ह्याच्या मोठ्या भागाचे मुख्य पीक रब्बीची ज्वारी. ती खळ्यावरून घरात आली की हातात दोन पैसे असतात. पाथर्डी-जामखेडकडच्या गावांना आणखी एक कारण आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम संपून ऊसतोडीची कुटुंबे याच सुमारास परततात. वर्गणी कोठे उंबऱ्यामागे सारखी असते, कोठे जमिनीच्या मानाने पट्टी लावली जाते. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्यांकडून जास्त घ्यायची, ही बहुतेक ठिकाणची रीत. सारख्या वर्गणीत हिशेब सोपा असतो आणि तिच्यामुळे कोणाचा वरचष्मा होत नाही; पण कोरडवाहू दोन एकरवाल्याला ती बागाइतदाराइतकीच भरावी लागते. जमिनीच्या पट्टीत हा अन्याय टळतो, मात्र जास्त भरणारा शेवटच्या कुस्तीची जोड आपल्या मनासारखी लावू पाहतो. दोन्ही दुखणी एकदम दूर करणारी पद्धत कोणत्याच गावाला सापडलेली नाही. जत्रा पार पडल्यावर पंच मंडळी देवळापुढे जमाखर्च वाचून दाखवतात आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षासाठी किंवा देवळाच्या कामाला ठेवतात. वाचन टाळले की पुढच्या वर्षी वर्गणी आटते. धर्मादाय कारणासाठी अशा रकमा गोळा करायच्या तर धर्मादाय आयुक्तांकडे कळवण्याची तरतूद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात पुढे करण्यात आली. पण पैशाचा खरा पहारा देवळापुढच्या त्या वाचनातच राहिला.

जमलेल्या पैशाची वाटणी हगाम्यात चढत्या भाजणीने होते. सुरुवात लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या, हरणाऱ्यालाही त्याहून फार कमी नाही. मग नारळाच्या कुस्त्या, मग किरकोळ रोख रकमेच्या, आणि पुढे १०१, ५०१, १,१०१ अशा एक रुपया वर ठेवलेल्या आकड्यांच्या. शेवटची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची, तिच्याबरोबर फेटा, चांदीचे कडे किंवा गदा. एकूण खर्चातला बराच वाटा शेवटच्या दोन-चार जोडी नेतात, हे खरे. पण दुपारभर कड्यात उतरलेली शंभर पोरे त्या मानाने फार थोड्या पैशांत खेळून जातात. खेळाचा पाया रुंद ठेवण्याची इतकी स्वस्त योजना सरकारी क्रीडा खात्यांना क्वचितच जमली असेल. शिवाय इनाम जागच्या जागी वाढते. आवडलेल्या पैलवानावर प्रेक्षकांतून कोणी पन्नास लावतो, कोणी शंभर; पंच नोट हातात उंच धरून देणाऱ्याचे नाव पुकारतो आणि ती रक्कम त्या कुस्तीच्या इनामात पडते.

हगाम्याचे खरे कसब जोड लावण्यात असते. वजनकाटा नसतो. पंच पोराचा हात धरून कड्याभोवती फिरवतो आणि याला जोड कोण, म्हणून विचारतो. गर्दीतून कोणी पुढे आला की दोघांना शेजारी उभे करून उंची, मान, मांड्या, वय पाहिले जाते. कमीजास्त वाटले तर प्रेक्षकच ओरडतात आणि जोड मोडते. कोणाच्या वस्तादाला जोड भारी वाटली तर तो पोराला मागे घेतो, त्यात कमीपणा नसतो. म्हणजे जोड बरोबरीची आहे की नाही हे कुस्तीआधी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरते, आणि ठरवणाऱ्यांत पुढे हरणाऱ्याच्या बाजूचे लोकही असतात. हरलेला पक्ष मग फार बोलू शकत नाही. ही मोकळीक सर्वांना सारखी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात, अस्पृश्यता पाळली जात होती त्या काळी, गावकुसाबाहेरच्या पोराला जोड मिळणे अवघड होते.

निकाल लावायला एकच कसोटी होती. पाठ मातीला लागली, दोन्ही खांदे टेकले, की चितपट. गुण नव्हते, घड्याळ नव्हते. तुल्यबळ जोड तासभर अडकून बसे, आणि अंधार पडू लागला की पंच ती बरोबरीत सोडवून इनाम निम्मे-निम्मे वाटत. या वाटणीतूनच नूरा कुस्तीचे दुखणे वाढले. दोघांनी आधीच ठरवून खडाखडी करायची, डाव टाकल्यासारखे करायचे आणि निम्मे-निम्मे पैसे घेऊन घरी जायचे. जाणते प्रेक्षक ती लगेच ओळखत आणि पंचही अशा जोडीला कड्याबाहेर काढत. नंतर अनेक गावांनी मोठ्या कुस्त्यांना वेळेची मर्यादा घातली आणि निकाल न लागल्यास गुणांवर जिंकणारा ठरवायला सुरुवात केली.

विसाव्या शतकात पैशाची वाट बदलली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, त्यापाठोपाठ जिल्ह्यात इतर कारखाने, पतसंस्था, बाजार समित्या उभ्या राहिल्या. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या कालव्याच्या पट्ट्यात इनामांचे आकडे फुगले. पारनेर, पाथर्डी, जामखेडसारख्या कोरडवाहू तालुक्यांतली गावे त्यांच्याशी बरोबरी करायला पुढाऱ्यांकडे आणि गावाबाहेर पैसा कमावलेल्यांकडे वळली. शेवटची कुस्ती अमक्याच्या स्मरणार्थ, चांदीची गदा तमक्याकडून, असे हस्तपत्रकांवर छापले जाऊ लागले. एका माणसाने मोठी रक्कम दिली की गावावरचा भार हलका होतो, यात वाद नाही. पण नामांकित पैलवान आणायचा तर त्याच्याशी आणि त्याच्या वस्तादाशी आधी बोलावे लागते, रक्कम कबूल करावी लागते, जोड पत्रकावर छापावी लागते. मग ती कड्याभोवती फिरून ठरत नाही. प्रेक्षकांच्या हातात जोड मोडण्याचा जो अधिकार होता, तो मोठ्या कुस्त्यांपुरता तरी देणगीदाराच्या बैठकीत गेला. खालच्या कुस्त्या मात्र जुन्याच रीतीने लागत राहिल्या.

दुसरा बदल नियमांचा. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ मध्ये स्थापन झाली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी किताबाच्या लढती सुरू झाल्या. आता वजनगट आले. किताबाचा खुला गट ८६ ते १२५ किलोंचा; गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण. डोळ्यांनी जोड पाहण्यापेक्षा काटा निःसंशय अचूक, शिवाय परक्या गावच्या पैलवानालाही त्याचा भरवसा वाटतो. मात्र गादी महाग, ती प्रत्येक गावाला परवडत नाही. म्हणून गावची पोरे मातीत शिकतात आणि पुढे जायचे तर पुण्या-कोल्हापूरच्या तालमी गाठतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावचा हर्षवर्धन सदगीर याच वाटेने गेला आणि जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरी झाला.

मुलींसाठी तर कड्याची रीतच नव्हती. बऱ्याच गावांत स्त्रियांनी हगाम्याकडे फिरकू नये असा दंडक होता. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. २०२५ मध्ये हा किताब अहिल्यानगरच्या भाग्यश्री फंडने मिळवला. जिल्ह्यातल्या काही हगाम्यांत आता मुलींच्या कुस्त्या लागतात. मात्र मुलीला जोड मिळवताना पंचांची पंचाईत होते, कारण पंचक्रोशीत त्या वजनाची दुसरी मुलगी असतेच असे नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या स्पर्धा वाडिया पार्क मैदानावर भरतात. २०१४ ची महाराष्ट्र केसरी तेथे झाली आणि विजय चौधरीने जिंकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा तेथेच झाली. इनामात चांदीची गदा आणि थार गाडी होती. गादी विभागात पंचांनी शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळकडून चितपट ठरवले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असा राक्षेचा आक्षेप होता आणि त्या रागात त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांचा निर्णय मान्य नसल्याने वेळ संपण्याआधीच मैदान सोडून गेला आणि मोहोळ विजेता ठरला. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी घातली गेली. चितपट झाली की नाही, हा वाद नवा नाही. हगाम्यात तो कड्याभोवतीच्या शेकडो डोळ्यांपुढे पंच मिटवतात, येथे तो मोबाइलवरच्या चित्रफितींतून राज्यभर गेला आणि पंचांचा निकाल घरोघरी तपासला गेला.

तोवर राज्यातील कुस्ती संघटनेतही फूट पडली होती. वाडिया पार्कची स्पर्धा एका गटाची. दुसऱ्या गटाने स्वतःची महाराष्ट्र केसरी त्याच वर्षी मार्चमध्ये याच जिल्ह्यात, कर्जतला भरवली. तेथे सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवून किताब घेतला. अशा रीतीने एका जिल्ह्यात दोन महिन्यांच्या आत एकाच नावाचे दोन किताब दिले गेले, आणि दोन्ही मैदानांवरच्या खर्चाचा मोठा भार राजकीय पुढाऱ्यांनी आणि त्यांच्या देणगीदारांनी उचलला होता.