ढोरांच्या दवाखान्यात कोंबडी का नव्हती?

१/ वऱ्हाडात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लोक ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतात. ढोर म्हणजे गाय, बैल, म्हैस. कोंबडी ढोरांत मोडत नाही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या खेड्यांत अंगणोअंगणी कोंबड्या दिसतात. पण त्या मरू लागल्या की दवाखान्याची आठवण क्वचितच कोणाला होते. या विसराला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो या थ्रेडमध्ये पाहू.

२/ आधुनिक पशुवैद्यक भारतात रुजले ते लष्कराचे घोडे आणि शेतीचे बैल यांच्यासाठी. एकोणिसाव्या शतकात बुळकांडीच्या साथींनी गोठेच्या गोठे ओस पडत. १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरांतील मुक्तेश्वरला हलली.

३/ वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. काळ्या मातीतला कापूस हे त्याचे मोल. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. पुढे मूर्तिजापुराहून अचलपूर आणि यवतमाळकडे नॅरोगेज फाटे निघाले, तेही मुख्यतः कापसासाठी. शेत नांगरणारा बैल आणि गाडी स्टेशनावर आणणाराही बैलच. बैल मेला तर कापूस बुडे आणि सरकारचा महसूलही. म्हणून औषध बैलामागून आले.

४/ कोंबडीच्या मागे असा महसूल नव्हता. ती बहुधा घरातल्या बाईची मालमत्ता. अंडी आणि पिले विकून मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, माहेरी जाण्याचे भाडे निघे. नवऱ्यापुढे हात न पसरता खर्चता येणारा हाच पैसा. घरात त्याचे मोल मोठे, पण त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसे.

५/ या मालमत्तेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ‘मानमोडी’. कोंबडी चोच उघडून धापा टाकते, हिरवट हगवण लागते, मान पिळवटते, पाय लुळे पडतात. लस न टोचलेल्या कोंबड्यांत हा रोग शिरला की काही दिवसांत बहुतेक खुराडे रिकामे होते. महाराष्ट्रात १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही लोकांनी ‘मानमोडी’च म्हटले. माणसाच्या आणि कोंबडीच्या मरीला भाषेने एकच नाव दिले.

६/ वागणूक मात्र एक नव्हती. माणसांत साथ आली की मरीमायपुढे कोंबडी कापली जाई. या पशुबळींविरुद्ध गाडगेबाबांनी कीर्तनांतून कठोर प्रहार केले. त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले होते. त्यांच्या उपदेशाने काही कोंबड्या सुरीपासून वाचल्या असतील. रोगापासून वाचवणे हे शास्त्राचे काम होते.

७/ शास्त्राने ते केलेही. १९२६ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हा रोग ओळखला गेला. पाठोपाठ जे. टी. एडवर्ड्स यांनी तो कुमाऊँतील राणीखेत येथे नोंदवला. म्हणून आपल्याकडे त्याचे नाव ‘राणीखेत’. १९४० च्या सुमारास मुक्तेश्वरच्याच प्रयोगशाळेत त्यावर लस तयार झाली. बैलांसाठी उभारलेल्या संस्थेने कोंबडीचेही औषध शोधले.

८/ मग ते अंगणात का पोहोचले नाही? लसीची एक कुपी बहुधा शंभर किंवा अधिक मात्रांची असते. द्रावण केले की ती थंड ठेवून दोन-तीन तासांत संपवावी लागते. वऱ्हाडचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि एका बाईकडे कोंबड्या असतात आठ-दहा. शिवाय या रोगावर उपचार नाही, म्हणजे डॉक्टर रोगाच्या आधी यावा लागतो. ‘आजारी पडले की न्यावे’ या बेताने चालणारा दवाखाना येथे उपयोगी पडत नाही.

९/ व्यापारी कुक्कुटपालनाने हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला. पुण्यात १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली. हजारो पक्षी एका छपराखाली आल्यावर कुपी वाया जात नाही आणि डॉक्टरचा खर्चही परवडतो. अंगणातली कोंबडी मागे राहिली. पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आज खुद्द अकोल्यात आहे. म्हणजे ज्ञान दूर नव्हते. ते अंगणापर्यंत नेणारी व्यवस्था नव्हती.

१०/ २००६ हे वर्ष लक्षात ठेवावे. फेब्रुवारीत नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू उघड झाला. आधी ते मृत्यू राणीखेतचेच समजले गेले होते. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील गावांत घरगुती कोंबड्यांत तो आढळला. शासन घरोघर पोहोचले, पण पक्षी नष्ट करण्यासाठी. त्याच वर्षी मे महिन्यात भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला. शतकभराच्या चिकाटीने बैलाचा रोग संपला होता.

११/ जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या मेल्या आणि पुन्हा बर्ड फ्लू निघाला. वरून पाहता तो आणि मानमोडी यांत फरक करणे कठीण; तो फरक प्रयोगशाळाच सांगते. जिथे कोंबडी मेल्यावर कोणी डॉक्टरला कळवतच नाही, तिथे माणसांवरचा धोकाही उशिरा कळतो.

१२/ २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील ८५.१८ कोटी कोंबड्या-बदकांपैकी ३१.७ कोटी परसातील आहेत. ऑस्ट्रेलियातील पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णतेत टिकणाऱ्या लसी खास खेड्यांतील कोंबड्यांसाठी विकसित केल्या. मोझांबिक, टांझानियात गावातल्याच माणसांनी त्या डोळ्यांत थेंब टाकून दिल्या. आपल्याकडेही ठरलेल्या दिवशी सारे गाव एकत्र आले, तर एक कुपी पुरी वापरता येते.

१३/ बुळकांडी संपली, कारण बैल मोलाचा आहे हे राज्याने मानले होते. अंगणातल्या बाईची कमाई मोलाची मानली, तर मानमोडीही आवरता येईल. तुमच्या आजीच्या गावी कोंबड्यांच्या मरीला काय म्हणत आणि तेव्हा काय करत, हे तिला विचारा आणि खाली लिहा. दप्तरात नसलेला हा इतिहास तिच्याच आठवणीत आहे.