पुट, टेक, रन वगैरे मंडळी

इंग्रजीतले मोठे शब्द आपल्याला फारसे छळत नाहीत. ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’ शाळेतच पाठ झालेले असतात. खरी पंचाईत होते ती कॉलवर, पलीकडचा माणूस घडाघडा ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट आउट’ म्हणायला लागला की. अर्थ तेच तीन, पण आता शब्द एकच आणि त्याला निरनिराळी शेपटं!

हे असं का, याची गोष्ट हजारेक वर्षं मागे जाते. जुन्या इंग्रजीत अर्थ बदलायचं काम बरंचसं उपसर्ग करत. आपल्याकडे ‘हार’चे प्रहार, आहार, संहार, विहार होतात, अगदी तसंच. ‘फरगिव्ह’, ‘विथस्टँड’, ‘अंडरस्टँड’ हे त्यातले शिल्लक राहिलेले शिलेदार. (‘अंडरस्टँड’ म्हणजे खाली उभं राहणं का नाही, हा शाळेतला प्रश्न रास्तच होता म्हणायचा.) पुढे बहुतेक उपसर्ग गळून पडले आणि ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ ही मंडळी क्रियापदाच्या मागे येऊन उभी राहिली.

मध्यंतरी नवव्या शतकात व्हायकिंग आले. आधी लुटायला, मग शेती करून राहायला. ‘टेक’ आणि ‘गेट’ ही त्यांची देणगी. त्याआधी ‘घेणे’ला इंग्रजीत ‘निमान’ म्हणत. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘नेमेन’ अजून ठणठणीत आहे. इंग्रजीतला निमान मात्र मेला. मागे राहिला ‘नम’, म्हणजे बधिर. ज्याची संवेदना ‘घेतली गेली’ तो नम! मला हे वाचून कमालीचा आनंद झाला होता.

मग १०६६ मध्ये नॉर्मन आले. दरबार, कोर्ट यांची भाषा फ्रेंच झाली, चर्चची लॅटिन होतीच. शेतात आणि चुलीपाशी मात्र सेट, गिव्ह, टेक चालूच राहिले. थोडक्यात, इंग्रजीला दोन मजले आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांनी आपल्याला थेट वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं, आणि इंग्रज घरात राहतो खालच्या मजल्यावर.

या खालच्या मजल्याने भल्याभल्यांना घाम फोडला. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात ‘टेक’चे १३४ अर्थ दिले, आणि प्रस्तावनेत अशा ढिल्याढाल्या क्रियापदांची चक्क यादी देऊन तक्रार केली. त्यानंतरच्या ऑक्सफर्ड कोशाची कल्पना निघाली १८५७ मध्ये. (त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, वेळ लागतो... ‘लागणे’पाशी आल्यावर साहेबाचं काय झालं असेल!) जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले. बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये लाखो चिठ्ठ्यांचे ढीग लावत काम चालायचं. १९१५ मध्ये मरे वारले, कोश पुरा व्हायला १९२८ उजाडलं.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पहिला नंबर ‘सेट’चा होता. अर्थ साधारण ४३०, मजकूर साठ हजार शब्दांचा. एक शब्द समजावायला एक कादंबरी! तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर ‘रन’ घेऊन बसले, ते नऊ महिने. २०११ मध्ये आकडा बाहेर आला: नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. सायमन विंचेस्टर या लेखकाच्या मते याचं श्रेय यंत्रांना. मला पटतं. घड्याळ, आगगाडी, कारखाना, प्रोग्रॅम, जे जे नवीन आलं ते ‘रन’च व्हायला लागलं. आपण रोज जे स्क्रिप्ट रन करतो, तो या ढिगातला अगदी कालपरवाचा थर.

बाकी ‘रन’ काही सगळीकडे पोचलेला नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. म्हणजे तिकडे धावायचं आणि इकडे नुसतं उभं राहायचं. आपला उमेदवारही उभाच राहतो, बरं का!