विमा दाखवा, मग परवाना

दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलेला किंवा विमा नसताना अपघात करून बसलेला माणूस अमेरिकेत परवाना परत मागायला जातो, तेव्हा बहुतेक राज्ये त्याच्याकडे आधी एसआर-२२ नावाचा कागद मागतात. लोक त्यालाच विमा समजतात, पण तो विमा नाही. या माणसाची पॉलिसी चालू आहे आणि ती बंद पडली तर तुम्हाला कळवू, अशी विमा कंपनीने राज्याच्या वाहन खात्याला दिलेली ती हमी असते. एका पानाचा हा कागद. त्यावर नाव, पॉलिसीचा क्रमांक, ती कधीपासून लागू आहे आणि मालकाची आहे की नुसत्या चालकाची, एवढेच लिहिलेले असते. तो दाखल करायचे शुल्क फारसे नसते. कंबरडे मोडतो तो वाढलेला हप्ता. ही अट साधारण तीन वर्षे चालते. मध्येच पॉलिसी खंडित झाली की परवाना पुन्हा निलंबित होतो आणि अनेक राज्यांत मोजणी पहिल्यापासून सुरू होते. स्वतःची गाडी नसलेल्याला नुसत्या चालकाची पॉलिसी पुष्कळ स्वस्तात मिळते, हे अनेकांना ठाऊकही नसते. ही सगळी व्यवस्था बेदरकार चालकांना धाक बसावा म्हणून जन्मली, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास तपासला तर दिसते ते वेगळेच. सर्वांना विमा सक्तीचा करायचा नव्हता, म्हणून ही पळवाट काढली गेली. आणि त्या पळवाटेची किंमत आजवर मुख्यतः बेदरकारांनी नव्हे, गरिबांनी मोजली आहे.

१९२०च्या दशकात मोटारी झपाट्याने वाढल्या आणि अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई कोण देणार, हा प्रश्न राज्यांपुढे उभा राहिला. मॅसॅच्युसेट्सने सरळ उत्तर दिले: १ जानेवारी १९२७ पासून विम्याशिवाय गाडीची नोंदणीच नाही. शेजारच्या कनेक्टिकटने १९२५ मध्येच दुसरे उत्तर काढले होते. ज्याच्या हातून अपघात किंवा गंभीर गुन्हा घडला, त्यानेच यापुढे भरपाई देण्याची ऐपत सिद्ध करायची. सक्ती आली की दरही सरकारच ठरवील, ही धास्ती असल्यामुळे विमा कंपन्यांना हे दुसरे उत्तर भावले. मोटारमालकांच्या संघटनांनीही ते उचलून धरले. राज्यामागून राज्य कनेक्टिकटच्या वाटेने गेले आणि जवळपास तीस वर्षे मॅसॅच्युसेट्स एकटे राहिले. न्यूयॉर्कने सक्तीचा कायदा केला तो १९५६ मध्ये. कनेक्टिकटच्या मार्गातली खोट उघड होती. पहिल्या अपघातात ज्याचा पाय गेला, त्याच्या हाती या कायद्याने काहीच पडत नव्हते. पुढच्या संभाव्य जखमीची काळजी वाहण्यासाठी आजचा जखमी वाऱ्यावर सोडलेला होता.

शिवाय अट घातली तरी ती पुरी करायची कुठे? विमा कंपन्या असल्या चालकांना दारातही उभे करीत नव्हत्या. त्यावर न्यू हॅम्पशायरने १९३८ मध्ये तोडगा काढला: नाकारलेले अर्जदार सर्व कंपन्यांनी आपापल्या धंद्याच्या प्रमाणात वाटून घ्यायचे. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातली अशीच योजना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. विमा मिळू लागला, पण तो परवडेल याची हमी कोणी घेतली नाही. आणि यंत्रणा दोषी-निर्दोष पाहत होती, असेही नाही. ‘बेल विरुद्ध बर्सन’ हा १९७१ चा खटला पाहावा. जॉर्जियात सायकलवरची एक पाच वर्षांची मुलगी एका धर्मोपदेशकाच्या मोटारीच्या बाजूला येऊन आदळली. मुलीच्या पालकांनी पाच हजार डॉलरचा दावा सांगितला. मोटारीचा विमा नव्हता, म्हणून राज्याने एवढी रक्कम हमी म्हणून भरा नाहीतर परवाना द्या, असे फर्मावले. चूक कोणाची, हे विचारायला यंत्रणा तयारच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने हे अडवले: ज्या परवान्यावर पोट अवलंबून आहे, तो अशी चौकशी केल्याशिवाय काढून घेता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. जोखमीच्या चालकांना विमा स्वस्त केला तर त्याचा भार नीट गाडी चालवणाऱ्यांवर पडतो आणि चुकणाऱ्याला सुधारायचे कारण उरत नाही. न्यू जर्सीने हा अनुभव घेतलाही. तिथे १९८३ च्या कायद्याने उभारलेल्या सामाईक निधीत राज्यातल्या जवळपास निम्म्या गाड्या येऊन पडल्या, अब्जावधी डॉलरची तूट साचली आणि १९९० मध्ये तो गुंडाळावा लागला. पण या फसलेल्या प्रयोगातून निघतो तो धडा सरसकट सवलतीविरुद्धचा आहे. जबाबदारीचा विमा चालकासाठी नसतोच, तो समोरच्यासाठी असतो. हप्ता आवाक्याबाहेर गेला म्हणून गाडी बंद होत नाही, कारण अमेरिकेच्या बहुतेक भागांत गाडीशिवाय नोकरीवर पोहोचताच येत नाही. ती विम्याविना धावते आणि पुन्हा जखमीच रिकाम्या हाताने राहतो. न्यू जर्सीनेच २००३ मध्ये अतिगरिबांसाठी दिवसाला एका डॉलरची पॉलिसी आणली. चालकाच्या तातडीच्या उपचारांचा खर्च ती भागवते, पण त्याने इतरांचे केलेले नुकसान तिच्यात बसत नाही. ज्या हेतूने ही सारी अटींची इमारत उभी राहिली, तोच हेतू इथे गाळला गेला.

खरा वाद, माझ्या मते, हप्ता किती यापेक्षा तो कशावरून ठरतो, याचा आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये प्रस्ताव १०३ मंजूर करून चालकाची नोंद, वर्षाला धावणारे मैल आणि चालवण्याचा अनुभव यांना पहिले तीन क्रम दिले. पतगुणांवरून हप्ता ठरवायला तिथे, मॅसॅच्युसेट्समध्ये आणि हवाईत बंदी आहे. बहुतेक राज्यांत नाही, आणि तिथे कर्ज थकलेला सावध चालकही महागात पडतो. मुंबई-पुण्याच्या गर्दीत वर्षानुवर्षे गाडी हाकलेला मराठी माणूस न्यू जर्सीतल्या एडिसनला येतो, तेव्हा अमेरिकेतल्या नोंदीअभावी तोही अनेकदा नवशिक्याच्या दरात मोडतो. भारतात याच्या उलट टोक दिसते. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता इंजिनाच्या आकारावर बेतलेला आहे, हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये. चालकाने किती सिग्नल तोडले, याचा त्यात हिशेबच नाही. मला दोन्ही टोके चुकीची वाटतात. महाग करायचेच तर ते गाडी चालवण्याच्या रीतीमुळे करावे, माणसाच्या खिशाकडे पाहून नव्हे. काही राज्ये आता त्या दिशेने सरकली आहेत: नुसता दंड थकला म्हणून परवाना निलंबित करणे कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये आणि व्हर्जिनियाने २०२० मध्ये थांबवले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवरची विम्याच्या पुराव्याची अट मात्र दोघांनीही ठेवली, आणि ती ठेवली हे बरोबरच केले.