कर्जफेडीची हप्तेबंदी : एक ऐतिहासिक मागोवा

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडीसारखी जी नाक्याची गावे वाढली, त्यांचा व्यापार उधारीच्या आधारानेच वाढला, असे म्हटल्यास ते कोणाला अतिशयोक्त वाटू नये. भाताचे पीक हाती येईपर्यंत सभोवतालच्या पाड्यांना धान्य, कापड आणि मीठमिरची पुरवायची व कापणीनंतर हिशेब चुकता करायचा, ही रीत या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. उधारी वेळेवर फिटली की ती व्यवहार म्हणूनच राहते. न फिटली की तिचे कर्ज होते. आणि एका कर्जाचे व्याज भागविण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे काढले जाऊ लागले की घर बुडू लागते. अशा वेळी जप्ती करावी की माफी द्यावी, एवढेच दोन मार्ग सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर येतात. परंतु या दोहोंच्या मधला तिसरा मार्ग आहे. तो म्हणजे सर्व देणी एकत्र मांडून, ऋणकोच्या खऱ्या मिळकतीस झेपतील असे हप्ते बांधून देणे.

या मार्गाला आज इंग्लंड-अमेरिकेत मोठी प्रतिष्ठा आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे १९९३ मध्ये सुरू झालेली व पुढे 'स्टेपचेंज' या नावाने प्रसिद्ध झालेली धर्मादाय संस्था कर्जदारांना अशा योजना विनामूल्य आखून देते. त्यामुळे ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्राने ती दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने अमलात आणून पाहिली, आणि ती कशामुळे टिकते व कशामुळे ढासळते, याचा अनुभवही पदरात पाडून घेतला. त्या अनुभवात आपल्या समाजाचाही वाटा आहे आणि तो सर्वस्वी भूषणावह नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात, सुपे या बाजाराच्या गावी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात 'दख्खनचे दंगे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचे वैशिष्ट्य असे की, लोकांचा रोख प्राणहानीवर नव्हता; तो खतांवर आणि वह्यांवर होता. सावकाराने कर्जरोखे काढून दिले की बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. रोखे मात्र जाळले जात. रोष मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर होता. त्यांत माहेश्वरी होते, तसेच ओसवाल जैनही होते.

यामागील कारणांचा शोध सरकारने नेमलेल्या आयोगाने घेतला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता. तेव्हा सावकाराने सढळ हाताने दिले आणि शेतकऱ्याने सढळ हाताने घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला. परंतु याहूनही सूक्ष्म असे एक कारण कायद्यात दडलेले होते. १८५५ मध्ये व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता; परिणाम उलटा झाला. मुदत सरण्यापूर्वी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि दर तीन वर्षांनी मुद्दल फुगत गेले. शंभराचे खत पाहता पाहता तीनशेंचे होई. कुळाला वाचता येत नसे. न्यायालय अंगठा पाहून हुकूमनामा देई. येथे सावकाराची बाजूही लक्षात घ्यावी लागते. खताचे नूतनीकरण केले नाही तर त्याची रक्कमच बुडणार होती. तथापि नूतनीकरण करणे वेगळे आणि जुन्या खताची फेड नव्या खतात न दाखविणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराच्या तक्रारी आयोगापुढे आल्या, त्यांचे समर्थन करता येत नाही.

या उठावातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्मास आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील तरतुदी आजही थक्क करणाऱ्या आहेत. न्यायाधीशाने केवळ रोखा पाहून न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, मूळ रक्कम किती होती व फेड किती झाली ते शोधावे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा प्राचीन नियम हिशेबास लावावा. देण्यासाठी शेतकऱ्यास तुरुंगात टाकू नये. कुळाने मागितल्यास सावकाराने पावती व हिशेब द्यावा. आणि हुकूमनामा झाला तरी रक्कम हप्त्यांनी फेडण्याची मुभा द्यावी. त्याचबरोबर दाव्यापूर्वी उभयपक्षांत तडजोड घडवून आणण्यासाठी गावोगावच्या प्रतिष्ठितांमधून 'कन्सिलिएटर' नेमण्यात आले. त्यांच्याकडे गेल्याचा दाखला असल्याखेरीज दावा दाखल होत नसे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे मुंबई उच्च न्यायालयावर जाण्यापूर्वी अनेक वर्षे याच कायद्याच्या अंमलबजावणीच्या कामावर होते.

या तडजोडीच्या व्यवस्थेची पूर्वतयारी पुण्यात लोकांनीच केलेली होती. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी व पुणे सार्वजनिक सभा यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात लवाद कोर्टे निघाली. वकिलाविना आणि मोठ्या खर्चाविना, विश्वासू मंडळींनी दोन्ही पक्षांचे ऐकून निवाडा द्यावा, अशी ती योजना होती. आजच्या भाषेत बोलायचे तर धर्मादाय मध्यस्थीचे हे देशी रूप होय.

मग कायद्यातील तडजोडीची व्यवस्था टिकली का नाही? ती काही दशकांनी मागे पडली, आणि तिचे कारण हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. कन्सिलिएटर मानसेवी होते. त्यांतील काही सचोटीने काम करीत, काही केवळ शिक्का मारीत. ऋणकोला बोलावता येई, पण आणता येत नसे. तो आला नाही की दाखला देऊन प्रकरण न्यायालयाकडे जाई. आला तर पुष्कळदा हिशेब न समजताच देणे कबूल करून जाई. म्हणजे मध्यस्थ होता, पण ऋणकोचे उत्पन्न किती, घरखर्च किती, आणखी कोणाचे देणे आहे, हे विचारण्याची रीत नव्हती. एका सावकाराशी तडजोड होई, तोवर दुसरा जप्ती आणी. शिवाय काही सावकारांनी गहाणखताऐवजी थेट विक्रीखत लिहून घेण्याची युक्ती काढली. कायद्याने एक दार लावले की व्यवहार दुसऱ्या दाराने आत येतो, हे येथेही दिसले.

सर्व देणी एकत्र घेण्याचा विचार विल्यम वेडरबर्न यांनी केला. १८८२ च्या सुमारास त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. जुन्या कर्जांची तपासणी करून न्याय्य रक्कम ठरवावी, ती सावकारांना एकदम चुकती करावी, आणि शेतकऱ्याने बँकेला माफक व्याजाने हप्त्याहप्त्याने फेड करावी, असा तिचा गाभा होता. विशेष म्हणजे पुण्यातील धनिकांनी तिला सहकार्याची तयारी दाखविली होती. हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले. लंडनमधील भारतमंत्र्याने मात्र मान्यता दिली नाही. ती योजना अमलात आली असती, तर सावकार व कुळ यांच्या संबंधांचा पुढील इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता.

शहरात हेच काम सहकाराच्या मार्गाने झाले. मुंबईच्या गिरणी कामगारांना रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर, इतके व्याज द्यावे लागे. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी गिरणी कामगार व नगरपालिकेचे सफाई कामगार यांच्यात सहकारी पतसंस्था उभारण्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. पतसंस्थेच्या द्वारे ऋणमुक्ती होते ती अशी : संस्था सावकाराशी बोलून रक्कम ठरविते, ती चुकती करते आणि सभासदाच्या पगारातून अल्प व्याजाने हप्ते घेते. पुढे १९३३ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज तडजोड मंडळांचा कायदा झाला, आणि मुंबई इलाख्यात १९३९ च्या व १९४७ च्या शेतकरी ऋणनिवारण कायद्यांनी सर्व धनकोंना एकाच वेळी बोलावून देणी कमी करण्याची व हप्ते बांधण्याची पद्धत रूढ केली. पुरंदरचा विचार असा अर्ध्या शतकाने कायद्यात उतरला.

आपल्या ठाणे जिल्ह्यात मात्र कायदा पाड्यापर्यंत पोहोचायला फार उशीर झाला. डहाणू, उंबरगाव भागात लग्नासाठी शे-दोनशे रुपयांची उचल घेणारा आदिवासी तरुण 'लग्नगडी' म्हणून धनकोच्या घरी वर्षानुवर्षे, कधी आयुष्यभर, पत्नीसह राबत असे. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाअखेरीस आदिवासींविषयी दिलेल्या अहवालात याची नोंद आहे. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात १९४५ पासूनच्या लढ्याची हकीकत आहे. लग्नगड्याच्या कर्जाला हप्ता नव्हता, खाते नव्हते आणि मध्यस्थही नव्हता. श्रम जात होते, पण मुद्दल कमी होत नव्हते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अशी देणी रद्द ठरविली. तरीही १९८० च्या दशकात विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला याच जिल्ह्यात वेठबिगार मुक्त करण्याचे काम हाती घ्यावे लागले. ही गोष्ट फार जुनी नाही. तिचे साक्षीदार आज हयात आहेत.

आता काळ पालटला आहे. धनको म्हणून गावच्या सावकाराची जागा बँक, पतपेढी, वाहनकर्ज देणारी कंपनी, क्रेडिट कार्ड आणि भ्रमणध्वनीवरून मिनिटांत कर्ज देणारी ॲप यांनी घेतली आहे. बँक ऑफ इंडियाने मुंबईत 'अभय' नावाचे कर्ज-समुपदेशन केंद्र काढले होते. अभयदानाचे महत्त्व जाणणाऱ्या जैन वाचकास ते नाव विशेष अर्थपूर्ण वाटेल. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये अशा केंद्रांची आदर्श योजना जाहीर केली. सल्ला विनामूल्य असावा आणि केंद्र बँकेपासून अंतर राखून असावे, अशी तिची अपेक्षा होती. २०१२ नंतर या केंद्रांचा भर आर्थिक साक्षरतेवर गेला व अडचणीतील कर्जदाराची हप्तेबंदी हा विषय मागे सरला, हे दुर्दैव म्हणावे लागेल.

ही हप्तेबंदी ऋणकोला स्वतःही करता येते. प्रथम प्रत्येक देणे मुद्दल, व्याज व थकबाकीसह कागदावर उतरवावे. घरचे उत्पन्न लिहून त्यातून अन्न, भाडे, शिक्षण, औषध व वीज यांचा खर्च वजा करावा. उरेल ती रक्कम सर्व धनकोंत देण्याच्या प्रमाणात वाटावी. समजा, एक लाख, साठ हजार आणि चाळीस हजार अशी तीन देणी आहेत व महिन्याला सहा हजार उरतात. तर तीन हजार, अठराशे आणि बाराशे असे हप्ते पडतील, आणि धनकोंनी पुढील व्याज थांबविल्यास चौतीस महिन्यांत देणे फिटेल. ज्या देण्यापोटी घर, सोने वा वाहन तारण आहे, ते मात्र या वाटणीत न घालता आधी बाजूला काढावे. तेथे हप्ता चुकला तर वस्तूच जाते. हा तक्ता जोडून प्रत्येक धनकोस लेखी पत्र द्यावे आणि होकार मिळेल तोही लेखीच घ्यावा. खाजगी धनकोने व्याज थांबविणे ही त्याची कृपा आहे, हक्क नव्हे; परंतु सर्वांना सारखा न्याय मिळतो आहे असे दिसले की तो बहुधा ऐकतो. कर्ज कमी रकमेत मिटविले, तर त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे राहते व पुढील कर्जास अडथळा येऊ शकतो, हेही आधीच जाणून असावे.

धनको ऐकत नसेल तर लोक अदालत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरणही तेथे नेता येते. तडजोड झाली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळते व तिच्यावर अपील नसते. वसुलीच्या तगाद्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास मज्जाव केला. विनापरवाना सावकारीत जमीन गेली असेल, तर राज्याच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची चौकशी होऊन ती परत मिळू शकते. दामदुपटीचा नियम त्या कायद्यातही कायम आहे.

मध्यस्थाचे आसन मात्र आजही बरेचसे रिकामेच आहे. १८७९ च्या कन्सिलिएटरांना जे साधले नाही, ते करण्यास कायद्याची गरज नाही. हिशेब वाचता येणारा, दोन्ही पक्ष ज्याचे ऐकतात असा आणि स्वतःचे येणे ज्यात गुंतलेले नाही असा माणूस लागतो. वहीखात्याची विद्या ज्या समाजाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या समाजातील निवृत्त व्यापारी, मुनीम व सनदी लेखापाल यांनी महिन्यातून एक दुपार या कामास दिली, तर अंबाडी परिसरातील कोणत्याही जातिधर्माच्या ऋणकोला आपला तक्ता कोणाकडून तरी तपासून घेता येईल.