दगडाचं कूळ कशावरून ठरवायचं?

मित्रहो, मागच्या वेळी आपण लिनियसपाशी थांबलो होतो. वनस्पतींना त्याने दुहेरी नावं दिली आणि ती टिकली. आता दगडांचं काय? दोन दगड ‘एकाच प्रकारचे’ आहेत, हे आपण कशावरून म्हणतो?

वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १७७४ च्या पुस्तकात सांगितलं, बाह्य लक्षणं बघा: रंग, चकाकी, काठिण्य. खाणीत उतरणाऱ्याला ते उपयोगी होतं. पण डोळा फसतो. १७९७ मध्ये टेनंटने हिरा जाळून दाखवला आणि तो निव्वळ कार्बन निघाला. म्हणजे कोळशाचा सख्खा भाऊ!

स्वीडनच्या बर्झेलियसने १८१४ मध्ये रासायनिक घटकांवरून वर्गीकरण मांडलं. कूळ ठरायचं ते धातूवरून. तांब्याची खनिजं सगळी एका घरात. पण हिरवंगार मॅलाकाइट आणि पितळी चाल्कोपायराइट शेजारी बसवून आपल्याला कळतं काय? फारसं नाही. पुढे १८१९ च्या सुमारास मिट्शरलिखने दाखवलं की, स्फटिकाचा आकार जवळपास तसाच राहून एका मूलद्रव्याची जागा दुसरं घेऊ शकतं. मग धातूवर कूळ कसं ठरवणार? १८२४ मध्ये बर्झेलियसने स्वतःचीच मांडणी उलटी केली. आता कूळ ठरू लागलं धातूच्या जोडीदारावरून. मॅलाकाइट कार्बोनेटांत, कॅल्साइटजवळ गेलं. चाल्कोपायराइट सल्फाइडांत, गॅलेनाजवळ.

अमेरिकेतल्या डेनाची गोष्ट तर आम्हाला फार आवडते. १८३७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने खनिजांना लिनियसच्या धर्तीवर लॅटिन नावं दिली. १८५० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती पद्धत त्याने स्वतःच सोडली आणि १८५४ मध्ये रासायनिक वर्गीकरण स्वीकारलं. आपण बांधलेलं घर आपणच उतरवायचं, याला हिंमत लागते.

आता कुणी म्हणेल, वर्गीकरण म्हणजे शेवटी माणसाची सोय. आम्हाला हे अर्धंच पटतं. कप्पे आपण करतो, हे खरं. पण निसर्ग त्यांना विरोध करू शकतो, आणि करतो. रसायनालाही त्याने सोडलं नाही. कॅल्साइट आणि अॅरगोनाइट, दोघांचं रासायनिक सूत्र एकच, तरी खनिजं दोन, कारण अणूंची रचना वेगळी. म्हणून आज घटक आणि स्फटिकरचना दोन्ही बघतात.

तेव्हा एखादा कप्पा चूक ठरू शकतो, हीच त्याच्या खरेपणाची खूण नाही का? विचार करा. पुढच्या वेळी इथूनच सुरू करू.